जयवंतकाका आणि उजवीकडचा फाटका आवाज

आमच्या नात्यात जयवंत परब हे नाव निघालं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, "तो? त्यानेच नाही का सख्ख्या भावाचा आवाज फाडला?" तीस वर्षं झाली, पण हे वाक्य काही जुनं होत नाही. बारशाला, लग्नाला, तेराव्याला, कुठेही चालतं. ज्यांनी जयवंतकाकाला कधी पाहिलंही नाही अशा आमच्या जावयांनासुद्धा ते पाठ आहे. त्यातला भाऊ म्हणजे माझे वडील, भजनी बुवा बळवंत परब. काका त्यांचा धाकटा. आणि मी गंधाली, बळवंतबुवांची एकुलती एक मुलगी. त्यामुळे मी कुणाच्या बाजूची, हे मला कधी कुणी विचारलंच नाही.

काकाचं दुकान मालाड पूर्वेला, एका पिठाच्या गिरणीला लागून आहे. दुकान म्हणजे एक शटर, आत एक टेबल आणि टेबलाच्या तिन्ही बाजूंनी छतापर्यंत रचलेले लोकांचे मुके रेडिओ, डेक आणि अ‍ॅम्प्लिफायर. गिरणीचं पीठ उडून सगळ्यावर बसतं, म्हणून काका दिवसातून चार वेळा ब्रश फिरवतो. सहासष्ट वर्षांचा, काटकुळा, नाकावर एकावर एक दोन चष्मे. चालू मशीनमध्ये हात घालताना डावा हात पँटच्या खिशात ठेवतो. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो, हे त्याने मी आठ वर्षांची असताना मला सांगितलं होतं. आणखी एक सवय म्हणजे चिठ्ठी. दुरुस्त झालेल्या प्रत्येक मशीनच्या पोटाला तो खळीने बोटभर कागद चिकटवतो. त्यावर तारीख, काय बिघडलं होतं, काय बदललं आणि शेवटी 'चालू. ज. परब'. चालू झालं नाही तर चिठ्ठी नाही आणि मजुरीही नाही. उपनगरात अजूनही काही कपाटांवर अशी मशीनं आहेत, ज्यांच्या पोटाखाली काकाची तीस वर्षांपूर्वीची सही चिकटलेली आहे.

डबलबारी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा कोकणातल्या लोकांत दोन भजनी बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एकाने गायचं, गाण्यातूनच दुसऱ्याला सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. निकाल कुणी लावत नाही. पण घरी जाताना लोक जे बोलतात तोच निकाल, आणि तो गावाला पोचायला दोन दिवस पुरतात.

चौऱ्याण्णव सालच्या माघात, बोरीवलीला आमच्या गाववाल्यांच्या सत्यनारायणाच्या पूजेला, भर दुपारी बाबांची बारी ठरली. बाबा तेव्हा जोरात होते. कापडगिरणीतली नोकरी सुटल्यापासून एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची ड्यूटी करायचे, पण पेटीवर बसले की कुणी त्यांना वॉचमन म्हणालं नसतं. साउंड अर्थातच काकाचा. 'परब साउंड' हे नाव तेव्हा दहिसरपासून सांताक्रूझपर्यंत प्रत्येक कोकणी मंडळाच्या पत्रिकेवर असायचं. रेकॉर्डिंगही तोच करणार होता. त्याने एका बुवासमोरचा माईक डावीकडे घेतला आणि दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणजे कॅसेट लावली की खोलीत दोन बुवा समोरासमोर बसल्यासारखे वाटावेत. ही त्याची स्वतःची टूम, आणि तिचं त्याला फार कौतुक होतं. उजवीकडे बाबा होते. कॅसेट काढणाऱ्या एका कंपनीचा माणूसही पहिल्या रांगेत येऊन बसला होता.

मी तेव्हा चौदा वर्षांची, बायकांत बसले होते. गजर झाला, देवाच्या रूपाचा अभंग झाला, आणि बारीच्या मध्यावर भोंग्यातून बाबांचा आवाज फाटका यायला लागला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाबांनी गाता गाता पेटीवरचा हात उचलून काकाकडे बोट दाखवलं. सगळं मैदान वळून काकाकडे बघायला लागलं. काका मिक्सरपाशी मान खाली घालून बसला होता. त्याने कुठलंही बटण फिरवलं नाही. हे मला स्पष्ट आठवतं, कारण त्या वेळी मलाही त्याचा राग आला होता.

कंपनीने समोरच्या बुवांची कॅसेट काढली. पुढच्या रविवारी बाबांनी मंडळातली सगळी मोठी माणसं घरी बोलावली. सांताक्रूझच्या एका घरातून त्यांनी आठ दिवसांपूर्वीच एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. लाकडी खोक्याचा, भारी, पुढे दोन सुया नाचणारा. तो वर, कॅसेटचा डेक खाली. बाबांनी बारीची कॅसेट लावली. डावीकडून समोरचे बुवा कसे स्वच्छ, आणि उजवीकडून बाबा असे, की वाटावं कुणी पत्र्यावर खडे घासतंय. बाबा म्हणाले, ऐका, हे माझ्या भावाचं काम. काका दाराशी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "दादा, माका फक्त मशीन बघूक दी."

बाबांनी अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेवला. "माझ्या वस्तूक हात लावायचो नाय."

झालं. त्या दिवसापासून काका आमच्याकडे आला नाही आणि 'परब साउंड' कुणाच्या पत्रिकेवर आलं नाही. भावाचा माईक बिघडवणारा माणूस दुसऱ्याचं काय करील, असं लोक म्हणाले. ते पसरवण्यात आमची शकुआत्या सगळ्यात पुढे. ती या दोघांची थोरली बहीण, आणि तिच्या तोंडी एखादी गोष्ट गेली की ती छापल्यासारखी होते. काकाने दोन वर्षांत भोंगे, माईक, मिक्सर सगळं काढून टाकलं आणि गिरणीशेजारी टेबल टाकून बसला.

ते मशीन मग क्रोशाच्या रुमालाखाली गेलं. पाहुणे आले की रुमाल उचलायचा, तीच कॅसेट दोन मिनिटं लावायची, पाहुण्यांनी चुकचुकायचं, की पुन्हा रुमाल. दुसरं काही त्यावर कधी वाजलं नाही. म्हणजे एकदा वाजलं. बाबा ड्यूटीवर आणि आई बाजारात असताना मी सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट लावली. तीही उजवीकडे तशीच फाटत होती. मला वाटलं, मीच मशीन बिघडवलं. घाबरून बंद केलं आणि गप्प बसले. याचा खरा अर्थ काय तो मला कळला तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची असेन. बिघाड मशीनमध्ये होता, काकाच्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. तेव्हाही मी गप्प बसले. वडिलांना खोटं पाडायचं धाडस नव्हतं असं मी स्वतःला सांगायची. खरं तर मला त्यात पडायचंच नव्हतं. काकाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आणखी एक गोष्ट. शाळेतून एकदा लवकर आले तर बाबा जमिनीवर मांडी घालून, कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून बसले होते; बारीच्या कॅसेटची डबी समोर उघडी पडली होती. मला बघताच त्यांनी हेडफोन घाईने काढला आणि चपला नीट ठेवल्या नाहीत म्हणून मला ओरडले. चपला नीटच होत्या.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांना मुलगा नाही, तर धाकट्या भावाने अग्नी द्यायचा. पण शकुआत्याने आपल्या मुलाला, निलेशला पुढे केलं. काका स्मशानात बाकड्याजवळ उभा राहिला आणि उभ्या उभ्याच निघून गेला.

वर्षश्राद्धाला महिना असताना मी ते मशीन आणि डेक रिक्षात घालून मालाडला नेलं. मला उपरती झाली म्हणून, असं लिहायला बरं वाटेल, पण ते खोटं आहे. मला बाबांचा आवाज ऐकायचा होता. आधी बोरीवलीतले दोन मेकॅनिक करून झाले होते. एकाने झाकण न उघडताच भंगार म्हटलं. दुसऱ्याने ब्लूटूथचा स्पीकर घ्या असा सल्ला दिला. दोघांकडून निराश झाल्यावर मला काका आठवला.

काकाने मशीन बघितलं आणि बराच वेळ हात लावला नाही. ब्रश घेऊन उगाच टेबल झाडत राहिला. शेवटी म्हणाला की दादाने हात लावू नको म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, आता मी सांगते लाव म्हणून. मग त्याने स्टुलावर बसत मजुरी सांगितली. "पैसे नको. झाला तर वर्षश्राद्धाक सगळ्यांसमोर वाजव. शकूक ऐकूंदे."

मी हो म्हटलं. दोनदा म्हटलं.

मी बारीची कॅसेट पुढे केली, तर त्याने ती बाजूला ठेवली. आधी मशीन, मग दादा, असं म्हणाला. त्याच्या कामाची पद्धत अशी, की बिघाड कुठे आहे ते शोधायच्या आधी तो कुठे नाही ते बघायचं. साठ वॅटच्या बल्बमधून वीज देऊन त्याने मशीन चालू केलं. आत काही जळलेलं असतं तर बल्ब भगभगला असता. तो नुसता लुकलुकून मंद झाला. मग एका जुन्या सतारीच्या कॅसेटवर त्याने स्पीकरच्या वायरी उलट्या लावल्या. फाटका आवाज उजव्या स्पीकरमधून डाव्यात गेला. म्हणजे स्पीकर चांगले. त्या सरळ केल्या आणि डेककडून येणाऱ्या वायरी उलट्या लावल्या. आवाज उजवीकडेच फाटत राहिला. म्हणजे डेक चांगला, कॅसेट चांगली, बिघाड मशीनच्या पोटात. या सगळ्याला चार मिनिटंही लागली नाहीत. तीस वर्षांपूर्वी त्याने याच चार मिनिटांसाठी मशीन मागितलं होतं.

झाकण उघडलं, डावा हात खिशात गेला. मशीनचा नकाशा कुठेच मिळत नव्हता, पण त्याला त्याची गरज नव्हती. डावी बाजू चांगली आहे ना, तोच नकाशा, असं म्हणाला. डाव्या बाजूच्या सोल्डरच्या एकेका टाक्यावर मीटर टेकवायचा, आकडा बघायचा, आणि तोच टाका उजवीकडे. पुढे पुढे जात एका ठिकाणी आकडे जुळेनात. त्याने आवाजाची लाट पडद्यावर काढणाऱ्या समोरच्या जुन्या स्कोपवर मला रेघ दाखवली. हिरव्या लाटेचा वरचा घुमट गोल होता आणि खालचा सुरीने कापल्यासारखा सपाट. शेंगदाण्याएवढा एक कपॅसिटर गळका झाला होता, जिथे वीज अडवायची तिथे सोडत होता, आणि त्यामुळे पुढच्या ट्रान्झिस्टरचं गणित बिघडत होतं. काकाने तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. माझ्या काकाचं अख्खं आयुष्य ज्याने खाल्लं ती वस्तू एवढीशी होती. राग यायलाही तिला पुरेसं वजन नव्हतं.

दोन्ही बाजूंचे कपॅसिटर नवे बसले. हिरवी लाट वर-खाली सारखी झाली. मग त्याने बारीची कॅसेट घेतली, शर्टाला पुसली आणि लावली.

गजर सुरू झाला आणि उजवीकडून बाबा आले. स्वच्छ, भरलेला, पेटीच्या काळी चार पट्टीतला तो आवाज. मला रडू आवरेना. काका डोळे मिटून मान हलवत होता. पुढचा अभंगही तसाच. आणि मग बारी मध्यावर आली.

आता बाबांचा आवाज फाटला, पण दोष मशीनचा नव्हता. घसा बसला होता. वरच्या सुरावर ते जात, पोचत नसत, आणि पखवाजवाला तिथे जोरात थाप मारून झाकून घेई. समोरच्या बुवांनी सवाल टाकला. बाबा उत्तराची पहिली ओळ म्हणाले, दुसरी विसरले, पुन्हा पहिलीच म्हणाले. कोरस करणारे गोंधळले. एक खोकला, एक लांबलेली शांतता, सगळं ऐकू येत होतं. काकाचं रेकॉर्डिंग इतकं चांगलं होतं, की बाबांनी आवंढा गिळलेलाही कळत होता.

मी बंद कर म्हटलं. काकाने बंद केलं. मी त्याला विचारलं की तुला हे तेव्हाच माहीत होतं का. तो म्हणाला, मिक्सरवर बसलेल्याच्या कानात हेडफोन असतो, त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. मग बोलला का नाहीस, मी विचारलं. त्यावर तो चिडला. भाऊ हरला हे भावाने मैदानात उठून सांगायचं होतं का, असं त्याने मलाच विचारलं. तो फक्त मशीनचं बोलला होता, कारण तेवढंच बोलण्यासारखं होतं. दादाला राग आलाय, तो खरंच मानतोय की मी काही केलं, एक दिवस तो स्वतः वायरी उलट्या करून बघेल आणि बोलावील, असं काका धरून चालला होता. इतकी वर्षं.

तेव्हा मला हेडफोनची आठवण झाली, आणि मी मूर्खासारखी ती सांगून टाकली. काकाच्या हातातला ब्रश थांबला.

"हेडफोन खंय लावलेल्यान? वरच्या मशीनीक काय खालच्या डेकाक?"

मी आठवून बघितलं. बाबा जमिनीवर बसले होते. वायर आखूड होती. डेक खाली असायचा. खालच्या डेकला, मी म्हणाले.

डेकमधून थेट ऐकलं की अ‍ॅम्प्लिफायर मध्ये येतच नाही. बाबांनी जे ऐकलं ते आत्ता आम्ही ऐकलं तसंच होतं, स्वच्छ, घशासकट. काकाने दोन्ही चष्मे काढले आणि टेबलावर ठेवले.

"म्हणजे तेका म्हायत होता," तो म्हणाला.

तो रडला नाही. मला वाटतं, रडला असता तर बरं झालं असतं. तो उठून शटरपाशी गेला, गिरणीवाल्याशी दोन शब्द बोलला, परत आला आणि झाकणाचे स्क्रू बसवायला लागला. मध्येच म्हणाला की काही वर्षं त्याला स्वतःचाच संशय यायचा, खरंच आपल्या हातून काही कमी-जास्त झालं असेल, रागाच्या भरात नाही तरी चुकून. रात्र रात्र ती दुपार तो पुन्हा आठवून बघायचा. आणि दादा इकडे हेडफोन लावून बसलेला. एवढं बोलून त्याने मशीन उलटं केलं आणि पोटाला चिठ्ठी लावली. 'उजवी बाजू फाटत होती. कपॅसिटर बदलले. चालू. ज. परब.' अक्षर नेहमीसारखंच, सरळ.

निघताना त्याने मला सांगितलं की पूर्ण कॅसेट लावू नको. पहिला गजर लाव आणि बंद कर. तेवढा दादा चांगला गायलाय, लोकांना तेवढाच ऐकू दे. मजुरी तेवढ्यात फिटली. आपल्या भावाची लाज तो अजूनही राखत होता, आणि बदल्यात फक्त तीन मिनिटं मागत होता.

वर्षश्राद्धाला चाळीसेक माणसं आली. मंडळातली जुनी माणसं, गाववाले, शकुआत्या, निलेश. निलेशने मशीन उचलून बाबांच्या फोटोसमोर टेबलावर ठेवलं. काका आला आणि दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. तीस वर्षांत तो पहिल्यांदा आमच्या घरात बसला होता.

जेवणं उरकत आली तेव्हा आत्या म्हणाली, लाव गो, बळवंताचो आवाज ऐकूया. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मशीनपाशी गेले. गजर तेवढा लावायचा आणि बंद करायचं, एवढंच होतं. पण गजर झाल्यावर हे लोक थांबणार नव्हते. आवाज स्वच्छ आहे म्हटल्यावर पुढचं लाव म्हणणार होते. आणि तसं म्हणाले नसते तरी घरी जाताना विचार करणार होते, की रेकॉर्डिंग चांगलं होतं तर मग बुवा त्या दिवशी फाटले कसे? घरी जाताना लोक जे बोलतात तोच निकाल. माझ्या वडिलांचा निकाल मला त्यांच्या फोटोसमोर लावायचा नव्हता.

"नाही झालं दुरुस्त," मी म्हणाले. "उजवी बाजू अजून फाटतेय."

आत्याने मान हलवली. "जयवंताक तेव्हा पण जमाक नाय, आता पण जमाक नाय."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, जुनी गोष्ट ऐकून हसतात तसे हसले. काकाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या वाटीत अर्धी खीर होती. तो काही बोलेल असं मला वाटलं, आणि बोलावं असंही वाटलं.

"व्हय," तो आत्याला म्हणाला. "माका जमाक नाय."

त्याने खीर संपवली, हात धुतले, बाबांच्या फोटोला नमस्कार केला आणि गेला. माझ्या आईने त्याला जिन्यापर्यंत पोचवलं. परत येऊन तिने मशीनवर क्रोशाचा रुमाल टाकला.

त्याला महिना झाला. मला अजून वाटतं, त्या क्षणी मी घाबरले, तोंडातून निघून गेलं, असं मी काकाला जाऊन सांगावं. तो ते मानेलही. पण तो एकदा मशीनचं पोट बघायला मागेल, आणि तिथे त्याची चिठ्ठी नाही. ती मी त्या दिवशी सकाळीच, पाहुणे यायच्या आधी, गरम पाण्याचा बोळा लावून सोलून काढली होती.